लॅपटॉपचा स्क्रीन ऑनलाइन मागवला, बसत नाही. परत घ्यायला २० टक्के कापणार म्हणतात

मेघना_सातारा

नमस्कार मंडळी,

मुलीच्या लॅपटॉपचा स्क्रीन फुटला. (झाकण मिटताना आत पेन राहिलं होतं. त्यावर घरात पुरेशी चर्चा झाली आहे, इथे नको.) सर्व्हिस सेंटरने साडेअकरा हजार सांगितले, म्हणून सुटे भाग विकणाऱ्या एका साइटवरून ५,२०० रुपयांना पॅनल मागवलं. तिथे आपला मॉडेल नंबर टाकून बघायची सोय आहे. लॅपटॉपच्या तळाला छापलेला नंबर टाकला, 'तुमच्या मॉडेलला चालेल' असं हिरव्या अक्षरांत आलं, पैसे भरले.

आलेलं पॅनल दिसायला हुबेहूब. पण मागचा कनेक्टर अरुंद आणि आमच्या केबलचं टोक रुंद. बसतच नाही. शेजारचा मुलगा इंजिनिअरिंगला आहे, त्याने भिंग लावून पाहिलं: केबल ४० पिनची, पॅनल ३० पिनचं.

परतीच्या फॉर्ममध्ये 'चुकीची वस्तू आली' हे कारण निवडलं. उत्तर आलं की वस्तू ऑर्डरप्रमाणेच आहे, निवड ग्राहकाची चुकली, सबब २० टक्के रीस्टॉकिंग चार्ज (परत आलेला माल पुन्हा साठ्यात घेण्याची फी) आणि परतीचं कुरिअर तुमच्याकडे. म्हणजे १,०४० रुपये अधिक कुरिअरचे साडेतीनशे-चारशे. शिवाय आमच्या पिनकोडला त्यांचा पिकअप नाही, 'सेल्फ शिप' करा म्हणे.

हे असं कापता येतं का? आणि मुळात एकाच मॉडेलला दोन प्रकारची पॅनल्स असतात का?

---

उगाचच

असतात. आणि कापतातच. पुढच्या वेळी दुकानातून घ्या.

---

सोल्डरबाबा

उगाचच, तुमचं नाव सार्थ आहे.

मेघनाताई, आधी एक सांगा. पॅनलच्या पुढच्या बाजूला पारदर्शक फिल्म असते, कोपऱ्यात ओढायला छोटी पट्टी असते. ती काढलीत का? नसेल तर हातही लावू नका. आणि मागच्या बाजूला विक्रेत्याचं स्वतःचं एक चिमुकलं स्टिकर असेल, सही किंवा तारीख असलेलं, ते शाबूत ठेवा. परत आलेल्या मालात आम्ही पहिल्यांदा याच दोन गोष्टी बघतो. (माझं दुरुस्तीचं दुकान आहे, पुण्यात. सुटे भाग विकतोही.)

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: हो, सर्रास. लॅपटॉपचं मॉडेल नाव ही विक्रीची सोय आहे. त्याच नावाखाली स्वस्तातल्या मशीनला ६० हर्ट्झचं (सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणारं) पॅनल, वरच्याला १२० किंवा १४४ हर्ट्झचं. फुल एचडी ६० हर्ट्झला दोन लेनमध्ये (चित्राचा डेटा नेणाऱ्या तारांच्या जोड्या) काम भागतं, म्हणून ३० पिनचा ईडीपी (लॅपटॉपच्या स्क्रीनचा नेहमीचा) कनेक्टर पुरतो. १४४ हर्ट्झला चार लेन लागतात, तिथे ४० पिनचा येतो. काही टचस्क्रीन पॅनल्सनाही ४० पिन असतात, कारण टचच्या तारा त्याच कनेक्टरमधून जातात. मॉडेल नंबरवरून पॅनल मागवणं म्हणजे आडनावावरून चपलेचं माप सांगणं.

फुटलेलं पॅनल काढलं असेल तर त्याच्या पाठीवर पांढरं लेबल बघा. बारकोडजवळ असा काहीतरी नंबर असेल: एनव्ही१५६एफएचएम-एन४८, किंवा बी१५६ ने सुरू होणारा, एन१५६, एलपी१५६. पहिली अक्षरं पॅनल बनवणाऱ्याची, १५६ म्हणजे १५.६ इंच. पॅनल याच नंबरवरून मागवायचं. लेबलचा फोटो टाका, बघून सांगतो.

---

मेघना_सातारा

फिल्म तशीच आहे, स्टिकरही. कनेक्टर बसेना म्हटल्यावर पुढे काही केलंच नाही. लेबलचा फोटो मुलगी कॉलेजातून आली की टाकते.

---

रोखठोक

मी जरा उलट बोलतो. २० टक्के घेतले तर एवढं काय? तो माणूस पाठवायचं कुरिअर भरून बसलाय, पुन्हा तपासणार, खोका फुटलेला माल 'नवा' म्हणून विकू शकणार नाही. मोठ्या साइट्सनी आपल्याला फुकट परतीची सवय लावून ठेवली आहे. तो खर्च वस्तूच्या किमतीत कुठेतरी लपलेला असतोच.

---

सोल्डरबाबा

रोखठोक, धंद्याच्या बाजूने तुमचं म्हणणं बरोबर आहे. परतीत काय काय येतं ते ऐका.

गिऱ्हाईक नवं पॅनल नेतं आणि परत येतं ते त्याचं जुनं, रेघा असलेलं. म्हणून आम्ही प्रत्येक पॅनलचा सिरियल नंबर बिलावर लिहितो आणि यूव्ही पेनाने (खास दिव्याखालीच दिसणारी) खूण करतो. रॅम बदलून येते, एसएसडी आठवडाभर वापरून येते. त्यामुळे फी लावणारा प्रत्येक जण लुटारू नसतो.

आणखी एक प्रकार आहे, तो लबाडीतला नाही पण विक्रेत्याला तितकाच महागात पडतो. स्क्रीनची केबल जोडण्याआधी बॅटरीचा कनेक्टर काढायचा असतो. लॅपटॉप बंद असला तरी. लोक तो काढत नाहीत, केबल तिरकी बसते आणि मदरबोर्डवरचा बॅकलाइटचा (स्क्रीनमागच्या दिव्याचा) फ्यूज उडतो. तांदळाच्या दाण्याहून बारीक असतो तो. मग नवं पॅनल लावलं तरी अंधार. टॉर्च मारून बघितलं तर आत चित्र अंधुक दिसतं. गिऱ्हाईक म्हणतं पॅनल खराब आलं. आमच्या टेस्टिंग बोर्डवर तेच पॅनल लख्ख लागतं. अशा वेळी फी लावली तर काय चुकलं?

पण मेघनाताईंची केस यात बसत नाही. त्यांच्या साइटनेच 'चालेल' म्हटलंय.

---

फिर्यादी

सोल्डरबाबांचं शेवटचं वाक्य हाच कायद्याचा मुद्दा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. (वकिली करतो, मात्र हा सल्ला चहाच्या टपरीवरचा समजावा.)

आधी गैरसमज दूर करतो. भारतात ऑनलाइन खरेदीला 'आवडलं नाही, परत घ्या' असा सरसकट हक्क कायद्याने दिलेला नाही. वस्तू बरोबर आली आणि तुमचं मन बदललं, किंवा तुम्हीच भलती निवडली, तर साइटची पॉलिसी लागू. ती आधी स्पष्ट दाखवलेली असेल तर फी बहुधा द्यावी लागते.

दोष विक्रेत्याचा असेल तर गोष्ट वेगळी. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० हे २३ जुलै २०२० ला आले. त्यात विक्रेत्यावर बंधन आहे: माल सदोष असेल, बनावट असेल, जाहिरातीत सांगितलेल्या गुणवैशिष्ट्यांप्रमाणे नसेल किंवा सांगितलेल्या मुदतीनंतर पोहोचला असेल, तर तो परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देता येत नाही. 'तुमच्या मॉडेलला चालेल' हा जाहिरातीतला दावाच आहे. २०१९ च्या मूळ कायद्यातली 'दोष' या शब्दाची व्याख्याही बघा. व्यापाऱ्याने कोणत्याही प्रकारे केलेल्या दाव्याच्या मानाने जी उणीव, तीही दोषात मोडते.

नियमात 'रीस्टॉकिंग' हा शब्द नाही हे खरं. विक्रेता म्हणेल, नकार कुठे देतोय, फक्त २० टक्के कापतोय. माझं म्हणणं असं, की पैसे परत द्यायचे तर पाचातले चार देऊन ते दिले असं होत नाही.

मेघनाताई, साइटवरचं ते हिरव्या अक्षरांचं पान अजून तसंच आहे का? आत्ताच्या आत्ता स्क्रीनशॉट घ्या. पत्ता आणि तारीख दिसेल असा. अशी पानं तक्रार गेल्यावर गुपचूप बदलतात.

---

मेघना_सातारा

घेतला. पान अजून तेच दाखवतंय.

---

टेम्सकाठी

इथे ब्रिटनमध्ये ऑनलाइन घेतलेली बहुतेक वस्तू कारण न देता १४ दिवसांत रद्द करता येते, कळवल्यावर परत पाठवायला आणखी १४ दिवस. २०१३ च्या नियमांनुसार. परतीचं टपाल मात्र तुम्हाला भरावं लागू शकतं, विक्रेत्याने तसं आधी सांगितलं असेल तर. गरजेपेक्षा जास्त हाताळून किंमत घटवली असेल तर तेवढं कापतात. पण सरसकट २० टक्के फी अशी लावता येत नाही. सदोष निघाली तर २०१५ च्या कायद्याने ३० दिवस पूर्ण पैसे, आणि परतीचा खर्च दुकानदाराचा.

बहीण न्यू जर्सीत असते. तिच्याकडे ऑनलाइन खरेदीला असा सरसकट कायदा नाही, सगळं दुकानाच्या पॉलिसीवर. १५ टक्के रीस्टॉकिंग तिथे कोणाला खटकतही नाही.

---

रोखठोक

फिर्यादी, मुद्दा पटला. 'चालेल' लिहिलं होतं हे माझ्या नजरेतून सुटलं होतं. पण हजार रुपयांसाठी ग्राहक मंचात कोण जाणार? वकिलाची फी त्याहून जास्त.

---

फिर्यादी

बहुतेक वेळा आयोगापर्यंत (ग्राहक मंचाचं आताचं नाव) जावंच लागत नाही. पायऱ्या आहेत.

प्रत्येक ई-कॉमर्स साइटला तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचं नाव आणि संपर्क साइटवर द्यावा लागतो. तळाशी बारीक अक्षरांत असतो. चॅटवर वाद घालण्यात अर्थ नाही, त्या अधिकाऱ्याला ईमेल करा. ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निकाल द्यायचं बंधन आहे. ईमेलमध्ये भावना नकोत. ऑर्डर क्रमांक, स्क्रीनशॉट, दोन्ही कनेक्टर शेजारी ठेवून काढलेला फोटो, आणि एक ओळ: वस्तू आपल्या दाव्याप्रमाणे नाही, पूर्ण रक्कम आणि परतीचा खर्च द्यावा.

नाही ऐकलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. हिलाही सक्तीचे अधिकार नाहीत, पण तिथून तक्रार गेली की अनेक कंपन्यांना एकदम मराठी कळायला लागतं.

त्याहीपुढे जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी शून्य. आणि २०१९ च्या कायद्यापासून तक्रारदार जिथे राहतो तिथेच दाखल करता येते. विक्रेता दिल्लीचा असो की बंगळूरचा, मेघनाताई साताऱ्यात दाखल करतील. ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून घरबसल्या होते. वकील लागत नाही, हे वकीलच सांगतोय.

---

ऑरेंजसिटी

बॅटरीच्या परतीचं कोणी बोलून नाही राहिलं, म्हणून लिहितो.

मी बॅटरी मागवली, लावली, दीड महिन्यात फुगली. टचपॅड वर आला. विक्रेता म्हणे कुरिअरने पाठवा. इथे तीन ठिकाणी फिरलो, कोणी हातात घ्यायला तयार नाही. विक्रेता म्हणे वस्तू मिळाल्याशिवाय पैसे नाही. आता बोला.

---

सोल्डरबाबा

ऑरेंजसिटी, फुगलेली बॅटरी कुरिअरने पाठवूच नका, कोणी घेतो म्हणाला तरी. लिथियम-आयन बॅटरी हा धोकादायक माल. एप्रिल २०१६ पासून सुट्या बॅटऱ्या प्रवासी विमानाच्या मालात नेता येत नाहीत. मालवाहू विमानातही ३० टक्क्यांपेक्षा जास्त चार्ज नको असा नियम. म्हणून बॅटरीचं पार्सल रस्त्याने रखडत येतं, आणि नवी बॅटरी कमी चार्जवर येते. ती वापरलेली असते असं नाही. सदोष किंवा फुगलेलीला तर विमान पूर्ण बंद.

तिचा फोटो काढा, लेबलासकट, शेजारी सरळ पट्टी ठेवून म्हणजे फुगवटा दिसेल. व्हिडिओ नको, दाबून तर मुळीच दाखवू नका. विक्रेत्याला लेखी सांगा की कुरिअर घेत नाही, तुमच्या खर्चाने तुमचा माणूस पाठवा. बरेच जण मग फोटोवर पैसे देतात. बॅटरी ई-कचरा गोळा करणाऱ्या अधिकृत केंद्राला द्या, घंटागाडीत टाकू नका.

बाकीच्यांसाठी: बॅटरी घेताना एमएएच (मिलिअँपिअर-अवर) बघून हुरळू नका. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर म्हणजे वॉट-अवर. जुन्या लेबलवर ११.४ व्होल्ट, ४१ वॉट-अवर असेल तर ती साधारण ३,६०० एमएएच झाली. त्याच आकाराच्या खोक्यात कोणी ६,००० एमएएच देतो म्हणत असेल तर तो नुसता छापखान्याचा खर्च. १०.८ आणि ११.१ व्होल्ट एकमेकांच्या जागी चालतात, ११.४ च्या जागी १५.२ नाही. आणि लेबलवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) नोंदणी क्रमांक बघा, आर अक्षराने सुरू होतो. बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की कोणाच्या नावावर आहे ते कळतं. बनावट मालावर तो एक तर नसतो, नाही तर भलत्याच कंपनीचा असतो.

---

चष्मेबहाद्दर

चार्जरबद्दलही लिहा ना बाबा. दोन चार्जर परत केले, दोन्ही वेळा 'प्रॉडक्टमध्ये दोष आढळला नाही' म्हणून फी कापली. लॅपटॉप चालू होतो पण बॅटरी चार्ज होत नाही.

---

सोल्डरबाबा

डेल का? जाड गोल पिन आणि आत मधोमध सुईसारखी बारीक पिन?

---

चष्मेबहाद्दर

हो हो. कसं ओळखलंत?

---

सोल्डरबाबा

ती मधली सुई वीज वाहत नाही, चार्जरची ओळख सांगते. ओळख पटली नाही की मशीन चालतं, पण बॅटरी भरत नाही आणि प्रोसेसरही मुद्दाम मंद चालतो. विक्रेता मल्टीमीटर लावतो, १९.५ व्होल्ट येतात, 'दोष नाही' लिहून मोकळा. परतीच्या फॉर्ममध्ये 'चालत नाही' लिहू नका. लिहा: 'चालू केल्यावर अडॅप्टर ओळखता येत नाही असा संदेश येतो', आणि त्या संदेशाचा फोटो जोडा. मग मल्टीमीटरवाल्याला पळवाट राहत नाही.

मात्र दोन चार्जरना एकच त्रास म्हणजे लॅपटॉपचाच जॅक गेला असण्याची शक्यता जास्त. तिसरा मागवण्याआधी कोणाचा तरी मूळ चार्जर लावून बघा.

तसंच थिंकपॅडवाल्यांनो (लेनोवोचे लॅपटॉप), २०१२ नंतरच्या बऱ्याच मॉडेलांत मशीन बॅटरीचीही ओळख तपासतं. स्वस्तातली लावली की 'अस्सल नाही' म्हणून चार्ज करायला नकार. लेबलवरचा एफआरयू नंबर (कंपनीचा सुट्या भागाचा क्रमांक) जुळवा, आणि ऑर्डर देण्याआधी विक्रेत्याला लेखी विचारा की ही चार्ज होईल ना. ते उत्तर जपून ठेवा.

---

उगाचच

अनबॉक्सिंग व्हिडिओ नसेल तर पैसे परत नाहीत असं खूप साइट्स लिहितात. ते कायदेशीर आहे का?

---

फिर्यादी

कायद्यात अशी अट मी कुठे वाचलेली नाही. व्हिडिओ हा पुरावा आहे, पात्रतेची अट नव्हे. पण काढावाच. पार्सलवरचं लेबल, न फाडलेली टेप, मग उघडणं, मग वस्तूवरचा सिरियल नंबर, सगळं एका दमात, मध्ये न थांबवता. घरी कोणी मदतीला नसेल तर फोन डब्यांच्या चळतीवर टेकवा.

आणि सोशल मीडियावर तक्रार टाकलीत की 'कस्टमर केअर'चे फोन येतात. रिफंडसाठी ॲप डाउनलोड करा, क्यूआर स्कॅन करा. पैसे घेण्यासाठी स्कॅन किंवा पिन कधीच लागत नाही.

---

मेघना_सातारा

मंडळी, घडलेलं सांगते.

फिर्यादींनी सांगितलं तसा ईमेल केला, तक्रार अधिकाऱ्याला. पोच वेळेत आली. नंतर तिथल्या बाईंचा फोन आला, बोलल्या नीट. त्यांचं म्हणणं, यादीत मॉडेल आहे पण खाली 'पिन तपासून घ्या' असंही लिहिलंय. मी म्हटलं, ते वाक्य पानाच्या अगदी तळाशी, पॉलिसीच्या लिंकजवळ आहे आणि 'चालेल' मात्र ठळक हिरव्यात. दोन्ही एकाच फोटोत तुम्हाला पाठवलंय. शेवटी २० टक्के सोडले. कुरिअरचे २०० रुपयेच देतील, त्यांची मर्यादा तेवढीच. स्पीड पोस्टने पाठवलं, वरचे माझ्या खिशातून गेले. दोनशेसाठी १९१५ ला फोन करायचा उत्साह नव्हता.

पॅनल पाठवताना मूळ खोक्यातच ठेवलं, काचेकडून जाड पुठ्ठा आणि बाहेरून दुसरा खोका. पोस्टातल्या काकांनी 'टीव्ही आहे का' म्हणून विचारलं. पैसे खात्यात आले आहेत.

हा आता जुन्या पॅनलच्या लेबलचा फोटो. सोल्डरबाबा, बघता का?

---

सोल्डरबाबा

बघितला. १४४ हर्ट्झ, ४० पिन, बाजूला स्क्रूचे कान नाहीत. हे महत्त्वाचं, कारण कानवालं पॅनल त्या चौकटीत मावत नाही. रुंदी जवळजवळ सेंटिमीटरभर जास्त असते. बिनकानाचं चिकटपट्टीवर बसतं. दोन्ही बाजूंना लांब ताणणाऱ्या पट्ट्या असतील, त्या नव्या घ्या, जुन्या पुन्हा धरत नाहीत.

पाच हजार दोनशेत हे मिळणार नाही. सात ते आठ हजारांच्या दरम्यान धरा. पुण्याला येणार असाल तर तपकीर गल्लीत (इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) दोन-तीन ठिकाणी विचारा, समोर लावून दाखवतात. मुंबईला लॅमिंग्टन रोड. तिथे परतीचा प्रश्न उरत नाही, कारण दिवा लागल्यावरच पैसे द्यायचे. मात्र बिल घ्या आणि त्यावर पॅनलचा सिरियल नंबर लिहून घ्या. कच्च्या चिठ्ठीवर वॉरंटी नसते.

---

रोखठोक

म्हणजे उगाचच पहिल्या प्रतिसादात म्हणाले तेच की.

---

उगाचच

:)

---

फिर्यादी

साताऱ्याहून पुण्याचं एसटी भाडं धरा, मग बघू काय स्वस्त पडतं.

---

ऑरेंजसिटी

माझं पण सांगतो. फोटो पाठवले, पट्टीवाले. कुरिअर नाकारतं हे एका कुरिअरवाल्याकडून चिठ्ठीवर लिहून घेतलं, ते जोडलं. अर्धे पैसे देतो म्हणून राहिले. घेऊ का?

---

फिर्यादी

वॉरंटी किती होती?

---

ऑरेंजसिटी

सहा महिने. बिलावर आहे.

---

फिर्यादी

मग अर्धे कशाला? 'आंशिक रक्कम मान्य नाही, बिलावरील वॉरंटीनुसार पूर्ण रक्कम किंवा बदली बॅटरी द्यावी' एवढंच उत्तर पाठवा आणि १९१५ वर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक त्याच ईमेलमध्ये घाला. ते अर्धे खात्यात टाकून 'प्रकरण मिटले' असा मेल करतील, त्यावर 'ओके' लिहू नका.

---

सोल्डरबाबा

आणि बदली बॅटरी देतो म्हणाले तर आधी जुनीच्या लेबलचा फोटो इथे टाका. तीच परत आली तर तीही फुगेल.